एक किलो तीनशे चाळीस

लालबाग, १० ऑगस्ट २०२५

ति. शेवंतीआक्कास,

खुशाली विचारत नाही आणि कळवतही नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो, आजवर असंच चालत आलं. शिवाय तू फोन स्पीकरवर ठेवतेस, मग हितेंद्र, सूनबाई, समोरच्या घरातली माणसं, सगळी ऐकत बसतात. हे पत्र फक्त तू वाचायचं आहेस. मुलाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव.

काल नूपुर हिंदमाताला साडीच्या दुकानात चक्कर येऊन पडली.

तू सांगितलेली हिरवी साडी घ्यायला आम्ही गेलो होतो. गूळतुलेला बसताना नवी हिरवी साडी हवी, असं तू तिला परस्पर कळवलंस आणि तिने मला न विचारता हो म्हटलं. दुकानदार गादीवर साड्या टाकत होता. "ताईंना काहीही उठून दिसेल, एकदम मॉडेल फिगर आहे," असं म्हणाला. नूपुर हसली. तिची आई गेल्यापासून ती किती वेळा हसली ते मी बोटांवर सांगू शकतो, त्यातलं एक हसू त्या माणसाला मिळालं. मग ती आरशासमोर उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला आणि खाली गेली. मला वाटलं काठ बघायला वाकली. डोकं लाकडी कडेवर आपटलं तेव्हा कळलं. एका बाईने पर्समधून लिमलेटची गोळी काढून तिच्या तोंडाशी धरली. आक्का, तिचे डोळे अजून धड उघडले नव्हते, पण तिने तोंड फिरवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बेशुद्धीतही तिला गोड ओळखून नाही म्हणता येतं.

म्हणून स्पष्ट लिहितो. वैदेहीचं वर्षश्राद्ध मी इथे मुंबईत करीन. दुसऱ्या दिवशी गावच्या देवळात तराजू टांगून, एका पारड्यात माझी मुलगी आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि भोवती सगळी भावकी, हे होणार नाही.

नवस तू बोललीस. मला आठवतं. नूपुर सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. तू परळच्या त्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून हात जोडलेस. "देवा महाराजा, माझ्या भावाचा चेडू वाचव. तेच्या भाराइतको गूळ तुझ्या पायार घालीन." पुढे चाळीस दिवस तू लालबागहून डबा घेऊन चालत येत होतीस. हे मी विसरलेलो नाही. नर्स रोज सकाळी तिचं वजन करून कार्डावर लिहायची. वीस ग्रॅम वाढलं की आमचा दिवस चांगला जायचा. एके दिवशी तीस वाढलं, तर वैदेहीने वॉर्डात पेढे वाटले. वजन वाढलं म्हणून या घरात पेढे वाटले गेले आहेत, आक्का. त्याच मुलीचं.

मग नवस तेव्हाच का नाही फेडला? एका वर्षी सुतक आलं, एका वर्षी देवळाचं काम निघालं, एकदा मला रजा नाही, एकदा तुझे गुडघे. पोर वाढत गेली आणि देवाचं देणंही. ती चौदा वर्षांची असताना गणपतीत तू पुन्हा विषय काढलास. ओटीवर सगळे जेवून बसले होते. कोणीतरी म्हणालं, "आता कोल्हापूरहून ट्रक मागवावा लागेल." सगळे हसले. तू डोळे पुसेपर्यंत हसलीस. नूपुर ताटं उचलत होती. ती आत गेली आणि त्यानंतर गावाला कधी आली नाही.

गेल्या भाऊबीजेला तू इथे आली होतीस. मला ओवाळून झालं आणि तू लगेच तिला म्हणालीस, "यंदा तरी बस गो बाय." ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेहीच्या डोक्यातली नस फुटली. तेराव्याला सगळ्यांसमोर तू काय बोललीस ते तुला माहीत आहे.

शरच्चंद्र


लालबाग, २४ ऑगस्ट २०२५

ति. आक्कास,

हितेंद्रच्या फोनवरून तू पाठवलेला आवाज ऐकला. चार मिनिटांचा आहे. म्हणजे पत्र त्याने वाचलं. असो.

तू म्हणतेस, "आजकालच्या चेडवांका डायट होया. दोन दिस उपाशी रवली म्हणान कोण मरणा नाय. पण देवाचा देणा ठेवल्यार देव सोडणा नाय. बायल गेली तरी तुका अक्कल इली नाय." शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकलं. अजून मोबाइलमध्ये ठेवलं आहे.

नूपुरला घेऊन परळला मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. डॉक्टर इरावती म्हणून आहेत, वयाने लहानच. तुला वेडाच्या डॉक्टरकडे गेलो असं वाटेल. वाटू दे. बाकावर आमच्याबरोबर तिच्याच वयाच्या तीन मुली बसल्या होत्या, तिघींबरोबर आया होत्या. बाप मी एकटा.

डॉक्टरांनी तिला काय खातेस विचारलं. नूपुर पदार्थांची नावं सांगेना, ग्रॅम सांगायला लागली. आमच्या ओट्यावर एक लहान इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तिने मागवला तेव्हा मला वाटलं केक-बिक करायला असेल. वैदेही गेल्यावर स्वयंपाक तीच करते, मला गरम पोळ्या वाढते आणि स्वतःचं काट्यावर ठेवते. मी त्याचं कौतुक केलं आहे. ऑफिसात सांगितलं, आमची नूपुर मोजूनमापून खाते, आजच्या मुलींसारखी नाही. माझ्या कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर मुली फॉर्म घेऊन येतात. त्यांचे फोटो मी चिकटवतो, सह्या तपासतो. वीस वर्षांची मुलगी कशी दिसायला हवी हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "भूक तिला लागते, ती भूक मारते. मारता आली की तिला वाटतं, आज जिंकले. आरशात तिला जी दिसते ती तुम्हाला दिसते ती मुलगी नाहीच." मी मोबाइलचं नाव घेतलं. दिवसभर ते व्हिडिओ बघतात, त्याने होतं, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "ते आहेच. पण बी बहुतेक वेळा घरात पडलेलं असतं. आई स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलायची? कोणी चेष्टा करायचं? बारीक झाल्यावर कोणी शाबासकी दिली? मुली हे सगळं जपून ठेवतात."

घरी येऊन मी वैदेहीच्या फोटोकडे बघत बसलो. भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा किती त्रास झाला होता ते तुला कधी सांगितलं नाही. नूपुर झाल्यानंतरचा तिचा एकटीचा एकही फोटो नाही. कायम मागच्या रांगेत, नाहीतर खुर्चीच्या आड, नाहीतर पोटावर पर्स धरून. "माझा नका काढू, मी फुगलेय." मला वाटायचं लाजते. नूपुर तिच्या शेजारी उभी राहून हे ऐकत मोठी झाली. शेवटी घोळक्यातला एक फोटो कापून मोठा करून घेतला. फ्रेमच्या डाव्या कडेला कोणाचा तरी खांदा आला आहे. तो खांदा तुझा आहे.

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "घरात हिच्या वजनावरून पहिलं कोण बोललं?" मी म्हटलं, "माझी थोरली बहीण. गावाला असते." नूपुरने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तुझं नाव आता त्या केसपेपरवर आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

शरच्चंद्र


लालबाग, ८ सप्टेंबर २०२५

आक्का,

गौरीच्या दिवशी तू नूपुरला फोन केलास. माझ्या पाठीमागे, मी ऑफिसात असताना. दोन आठवडे ती संध्याकाळी माझ्यासमोर बसून अर्धी भाकरी आणि वाटीभर डाळ खात होती. एक तास लागायचा. मी समोर बसून पेपर वाचल्यासारखं करायचो, डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताटाकडे बघायचं नाही. पेपरची तीच बातमी चार चार वेळा वाचली आहे. तुझ्या फोननंतर ते बंद झालं. तू काय बोललीस ते तिने सांगितलं, "देव वाट बघता हा, बाय." एवढंच. तुला वाटत असेल यात काय वाईट.

काल रविवारी मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, खा. ती म्हणाली, "पप्पा, मला देवळात बसायचंय."

"मग खा. बसायला अंगात जीव नको का?"

"आणखी थोडी कमी झाले की बसते."

"कशाला कमी?"

"सगळे बघणार ना पप्पा. तराजू मध्येच टांगलेला असतो. ढेप ठेवली की एक, दोन, तीन, मोठ्याने मोजतात. मी बघितलंय. हितूदादाच्या मुलाचं केलं तेव्हा. तो तीन वर्षांचा होता, सगळ्यांना गोड वाटलं."

मी म्हटलं, तुला बसायचंच नाही, मी आत्याला कळवलं आहे. तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर बरं. अगदी शांतपणे, कॉलेजमध्ये उत्तर देतात तसं म्हणाली, "मी चौदाव्या वर्षी बसले असते तर नवस फिटला असता. भाऊबीजेला हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला लाज वाटली म्हणून मी नाही म्हटलं. लाज कशाची, तर जाडीची. म्हणजे आई कशामुळे गेली? तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा म्हणाली. वीस वर्षांची पोर दहा महिने हे गणित पोटात घेऊन फिरते आहे. बाकी काही पोटात जायला जागाच कुठे होती?

मी म्हटलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"आत्या बोलली ना तेराव्याला. 'नाय म्हणालीस आणि बघ.' तुम्ही तिथेच होता."

होतो. पंगतीत वाढायला उभा होतो. माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. मी काही बोललो नाही. त्यानंतर नूपुर आणखी एक वाक्य बोलली, ते इथे लिहीत नाही.

आक्का, डॉक्टर म्हणतात, शरीरातलं मीठ-पाणी बिघडलं तर हृदय थांबू शकतं. त्या घाबरवत नव्हत्या. नाडी बघून बोलत होत्या. तू एका बाईच्या मरणाचं कारण शोधलंस, आता दुसरीच्या मरणाची तयारी चालली आहे आणि तू हिरवी साडी सांगतेस!

तुझ्याकडे मी आयुष्यात काही मागितलं नाही. आता मागतो. नूपुरला फोन कर आणि एकच वाक्य बोल. वैदेही नवसामुळे गेली नाही. तिला ब्लडप्रेशर होतं, ती गोळ्या विसरायची, आणि तू जे बोललीस ते दुःखात बोललीस. डॉक्टरांनी हे सांगून झालं, मी सांगून झालं. आमचं तिला खरं वाटत नाही. नवस तुझा आहे. सोडवायला तूच लागतेस.

तेवढं बोलायचं नसेल तर फोन करू नकोस.

शरच्चंद्र


लालबाग, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

आक्का,

दीड महिना तुझा फोन नाही, निरोप नाही. हितेंद्रने दिवाळीचं चित्र पाठवलं, तेवढंच. आज भाऊबीज आहे आणि मी ओवाळून घ्यायला आलेलो नाही. उद्या वैदेहीचं वर्षश्राद्ध.

आधी माझं लिहितो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

त्या दिवशी नूपुर जे वाक्य बोलली ते हे. "डॉक्टरना आत्याचं नाव सांगितलंत. ट्रकचं कोण बोललं ते का नाही सांगितलं?"

ट्रकचं मी बोललो होतो. तुला आठवत असणारच. पहिल्या पत्रात मी 'कोणीतरी' लिहिलं, तेव्हा तू हसली असशील, किंवा थुंकली असशील. त्या चार मिनिटांत तू मला हवं ते बोललीस, पण हे नाही काढलंस. का नाही काढलंस ते मला कळत नाही. त्याचाही मला राग येतो.

मी कधी चारचौघांत बोलत नाही. लहानपणापासून ओटीवर सगळे बोलायचे, विनोद करायचे, आणि मी खांबाला टेकून बसायचो. त्या दिवशी ते वाक्य कसं सुचलं कोण जाणे. तोंडातून गेलं आणि अख्खी ओटी हसली. तू डोळे पुसलेस. रघुकाका पाठीवर थाप मारून म्हणाले, "शरू बोलाक शिकलो रे!" पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर माणसं हसली. मला इतकं बरं वाटलं की मी ताटं उचलणाऱ्या मुलीकडे बघितलंच नाही. त्या रात्री वैदेही म्हणाली, "तुम्ही तिची माफी मागा." मी म्हटलं, लहान आहे, विसरेल. मग तेराव्याला, जिथे बोलायला हवं होतं तिथे ताकाचं भांडं धरून गप्प बसलो. आयुष्यात दोनदा चुकलो. एकदा बोलून, एकदा न बोलून. दोन्ही वेळा समोर तीच होती.

नूपुरची माफी मी मागितली आहे. तिने "ठीके" म्हटलं. ठीक नाही हे आम्हा दोघांना माहीत आहे. डॉक्टरांकडे जाऊन केसपेपरवर माझं नाव लिहायला लावलं. तुझं खोडायला सांगितलं नाही. दोन्ही असू देत.

तुझ्यावरचा राग त्यामुळे कमी झालेला नाही. आधी तो मला सोपा होता, आता तसा राहिलेला नाही.

काल वैदेहीचं कपाट उघडलं, श्राद्धाला कोणाला तरी साडी द्यायची म्हणून. तिच्या शालूच्या घडीत प्लास्टिकच्या पिशवीत हॉस्पिटलचं ते कार्ड निघालं. नूपुरच्या वजनाचं. निळ्या शाईत, रोजचं. तू जिन्यात हात जोडलेस तो तिसरा दिवस. त्या दिवसापुढे लिहिलं आहे: १ किलो ३४० ग्रॅम.

मी पुष्कळ वेळ ते बघत बसलो. ऑफिसात मी पस्तीस वर्षं एक गोष्ट शिकलो. अर्ज ज्या तारखेचा, नियम त्या तारखेचा. तू देवाला शब्द दिलास तेव्हा ती एवढी होती. तू देवाशी तिच्या भाराइतक्या गुळाचं बोललीस, आणि भार हा होता. पुढे तिचं शरीर जे वाढलं ते वैदेहीच्या दुधाने, तुझ्या डब्याने आणि तिच्या स्वतःच्या भुकेने. त्यावर देवाचा हक्क नाही, भावकीचा नाही आणि माझ्या विनोदाचाही नाही.

आज सकाळी नूपुरला कार्ड दाखवलं. तिने आकड्यावरून बोट फिरवलं. आकडे तिला चांगले कळतात. म्हणाली, "एवढीशी?" मग म्हणाली, "मी पण येते."

लालबागच्या बाजारात वाण्याकडे गेलो. म्हटलं, कोल्हापुरी गूळ, एक किलो तीनशे चाळीस.

"दीड देतो ना काका. सुट्टा कशाला?"

"नको. एक तीनशे चाळीस."

"दिवाळीत गूळ लोक ढेपेने नेतात, तुम्ही काय औषध बनवताय?"

"हो," नूपुर म्हणाली, "औषधच आहे."

त्याने ढेप फोडली, एक तुकडा जास्त झाला तो काढला, कमी पडला तो टाकला. चारदा केलं. मागे लोक कुरकुरत होते. नूपुर काट्याकडे बघत होती. तिला काट्याकडे असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे न घाबरता. आकडा जमल्यावर वाणी म्हणाला, "झाला बघा तुमचा तोळा." ती थोडी हसली.

तिचं आजचं वजन मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही, आणि विचारणारही नाही. डॉक्टर बघतात. तीन दिवस बरे जातात, चौथा वाईट जातो. अजून लांब आहे असं त्या म्हणतात.

या पत्राबरोबर तो गूळ कुरिअरने पाठवतो आहे. देवळात ने. तराजू काढायचा नाही, कोणाला बोलवायचं नाही. गाऱ्हाणं गुरवाकडून घालून घेऊ नकोस, नवस तू बोललीस, तूच घाल. शब्द दिला त्या दिवसाचा भार आणला आहे, फिटलं म्हण. व्हय महाराजा म्हणायला हितेंद्र एकटा पुरे. कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, देवाला हवी असेल तर. मग नूपुरला फोन कर आणि सांग की फिटलं. स्पीकरवर नको.

आता एक शेवटचं. पुडा बांधण्यापूर्वी पुन्हा वजन करून बघावं म्हणून मी तो ओट्यावरच्या तिच्या त्या छोट्या काट्यावर ठेवला. एक किलो तीनशे दहा भरला. वाण्याचा काटा खोटा असेल असं आधी वाटलं. मग दिसलं, कागद एका बाजूने उघडलेला होता, आणि गुळाचा एक कोपरा दाताने तोडल्यासारखा गेला होता. नूपुर खिडकीशी पाठमोरी उभी होती. मी काही विचारलं नाही. या वेळी गप्प बसलो ते बरोबर केलं असं वाटतं.

वाण्याकडे परत गेलो नाही. तेव्हा गूळ तीस ग्रॅम कमी आहे. देवाने विचारलं तर सांग, कुठे गेला ते आम्हाला माहीत आहे.

शरू